नाथषष्ठी विशेष : एकनाथ महाराज आणि दोन धर्मांचा वाद

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आपल्या इंदूरला रंगपंचमीची गेर निघते, राजवाड्यावर सगळं शहर रंगतं, आणि कानामागचा रंग निघायच्या आतच दुसऱ्या दिवशी नाथषष्ठी येते. फाल्गुन वद्य षष्ठी. आता हीच तिथी शेजारच्या हिंदीभाषी घरात विचारून बघा. ते सांगतील की फाल्गुन तर होळीलाच संपला, आज चैत्र कृष्ण षष्ठी. चंद्र तोच, तिथी तीच, महिने मात्र दोन. आपण महिना अमावास्येला संपवतो, ते पौर्णिमेला संपवतात. इंदूरच्या मराठी घरांना हे इतकं सवयीचं झालंय की यावर कोणी भांडत नाही. दोन कॅलेंडरं एकाच भिंतीवर टांगलेली असतात.

भांडण दुसरीकडे होतं. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर जे झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे. एका ताईंच्या घरात जैन घरची सून आली, तिने सासूबाईंना साधा प्रश्न विचारला की तुमचा देव जेवतो, झोपतो, त्याला थंडीत शाल लागते, मग तो देव कसा? ताईंनी तो प्रश्न सरळ मनाने इथे टाकला. त्यावर कोणी जैनांवर एक फॉरवर्ड टाकला, कोणी मुसलमानांवर टाकला, कोणी ख्रिश्चनांवर, आणि रात्री अकरापर्यंत दोन जण ग्रुप सोडून गेले. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणीच दिलं नाही.

हाच प्रश्न, जवळपास याच शब्दांत, साडेचारशे वर्षांपूर्वी एका मराठी संताने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला आहे. म्हणून यंदा षष्ठीला नाथमहाराजांचं चरित्र नेहमीसारखं न सांगता थोडं या बाजूने सांगते. चमत्कार आपल्याला पाठ आहेत, ते थोडक्यात येतील.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ चा. गोदावरीकाठचं हे गाव म्हणजे धर्मशास्त्राच्या निवाड्यांचं पीठ, दक्षिणेची काशी म्हणत. पणजोबा भानुदास मोठे विठ्ठलभक्त. विजयनगरला नेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली असं परंपरा सांगते. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघंही नाथ अगदी लहान असताना गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाई यांनी नातू वाढवला. घर वारकरी, गाव कर्मठ, आणि मूल आईबापाविना. बारा वर्षांचं होताच ते गुरूच्या शोधात घरातून निघालं आणि देवगिरीला पोहोचलं.

देवगिरी म्हणजे आजचा दौलताबाद. आपल्यापैकी जे इंदूरहून गाडीने धुळे, चाळीसगाव, कन्नड करत वेरूळला गेले असतील त्यांना हा पट्टा माहीत आहे. आधी वेरूळची लेणी लागतात. एकाच डोंगरात चौतीस लेणी, पहिली बारा बौद्धांची, मधली सतरा हिंदूंची, शेवटची पाच जैनांची. तिथेच घृष्णेश्वर, ज्याचं देऊळ आपल्या अहिल्यामातोश्रींनी पुन्हा उभारलं. थोडं पुढे खुलताबाद, चौदाव्या शतकापासूनच्या सूफी संतांच्या कबरींचं गाव. त्याच्याजवळच शूलिभंजनचा डोंगर, जिथे नाथांनी तप केलं आणि आज दत्ताचं स्थान आहे. आणि मग दौलताबादचा किल्ला. पंधराएक किलोमीटरच्या टापूत एवढं सगळं. नाथांचं शिक्षण या टापूत झालं. आपण बसमधून उतरतो, घृष्णेश्वराला अभिषेक करतो आणि निघतो. या मुलाने तिथे वर्षं काढली.

गुरू मिळाले ते जनार्दनस्वामी. मूळचे चाळीसगावचे देशपांडे, मुसलमान राजाच्या पदरी देवगिरीचे किल्लेदार, आणि दत्तभक्त. दर गुरुवारी त्यांच्या उपासनेसाठी किल्ल्याचं कामकाज बंद असे असं सांगतात. म्हणजे गुरुवारची सुट्टी, तीही निजामशाहीत! त्यांच्याकडे नाथ हिशेबाचं काम करत. एका पैची चूक रात्रभर जागून सापडली आणि मुलाने आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण बालसंस्कार वर्गात दरवर्षी सांगतो.

जे आपण सांगत नाही ते हे की ज्या राज्यात ही टाळी वाजली, तिथल्या मुसलमानांचंही आपापसात एकमत नव्हतं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास सुन्नी पंथ सोडून शिया पंथ घेतला. त्याचा सल्लागार शाह ताहिर इराणहून आलेला शिया विद्वान होता. यावरून राजधानीत मोठी गडबड झाली. दोघांचा अल्ला एक, कुराण एक, रोजे एक. फरक सुरू होतो ६३२ साली, पैगंबर गेले तेव्हा. त्यांच्यामागे धुरा कोणी सांभाळायची? सुन्नी म्हणतात, लोकांनी अबू बकर यांना निवडलं ते योग्य झालं. शिया म्हणतात, हा मान पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांचा आणि पुढे त्यांच्या वंशातल्या इमामांचा होता. सुरुवात वारसाच्या प्रश्नाने झाली आणि हळूहळू प्रार्थना, सण, कायदा सगळ्यात अंतर पडत गेलं. पुढे नाथांच्या उतारवयात, १५८९ ते १५९१ अशी दोन वर्षं, त्याच गादीभोवती महदवी पंथाचा जोर झाला. जगाच्या शेवटी एक मार्गदर्शक, महदी, येणार असं मुसलमान मानतात. महदवींचं म्हणणं, तो जौनपूरच्या सय्यद महंमदांच्या रूपाने येऊन गेला. बाकीचे म्हणतात, अजून यायचाय. म्हणजे नाथांच्या एका आयुष्यात एकाच राज्याने सुन्नी, शिया, महदवी असे तीन रंग बघितले. मुसलमान म्हणजे एक सरसकट गठ्ठा, असं निदान नाथांना तरी वाटणं शक्य नव्हतं.

आणि आपण तरी एक गठ्ठा कुठे आहोत? एकादशी घ्या. कॅलेंडरमध्ये कधी कधी लागोपाठ दोन दिवस एकादशी असते, एक स्मार्त आणि दुसरी भागवत. दरवेळी ग्रुपवर विचारणा होते, म्हणून एकदा सांगून ठेवते. स्मार्तांना सूर्योदयाला एकादशी असली की पुरे. भागवतांना त्याच्या सुमारे दीड तास आधी, अरुणोदयालाही दशमीचा स्पर्श चालत नाही. तसा स्पर्श असला तर ते दुसऱ्या दिवशी उपास करतात. देव तोच, साबुदाणाही तोच. नाथांच्या घरात तर वारकरी विठ्ठल आणि गुरूंकडून आलेले दत्तप्रभू एकत्र नांदत होते, आणि आपण जी दत्तभक्ती आणि पंढरीची वारी सहज एकत्र करतो तिची घट्ट गाठ मारणाऱ्यांत नाथ अग्रभागी आहेत.

आता दत्तदर्शनाचा प्रसंग. महिपतींनी १७६२ साली भक्तविजयात नाथांचं चरित्र लिहिलं. त्यांच्यापासून परंपरेने चालत आलेली कथा अशी की जनार्दनस्वामी नाथांना रानात घेऊन गेले आणि तिथे दत्तप्रभू आले ते मलंगाच्या वेषात. मलंग म्हणजे मुसलमान फकीर. स्वामींनी त्याला नमस्कार केला, त्याच्याबरोबर एका पात्रात जेवले. नाथ, पैठणच्या सोवळ्यात वाढलेलं पोर, लांब उभे राहिले. त्यांना ओळखता आलं नाही. पुढे ओळख पटली ती गुरुकृपेने. मला या कथेत सगळ्यात खरं वाटतं ते नाथांचं ते लांब उभं राहणं. ते अंतर एकदम नाहीसं झालं नाही, त्यांना ते चालत पार करावं लागलं.

इथे एक मतभेद सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या परंपरेत जनार्दनस्वामींचे गुरू साक्षात दत्तात्रेय. पण श्रीगोंद्याचे शेख महंमद, जे जन्माने मुसलमान आणि ज्यांचा योगसंग्राम मराठी संतवाङ्मयातला मोठा ग्रंथ, ते आपले आणि जनार्दनस्वामींचे गुरू एकच, चांद बोधले, असं सांगतात. चांद बोधले कादिरी परंपरेतले सूफी मानले जातात. ही परंपरा बाराव्या शतकातल्या बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींपासून आलेली. चांद बोधल्यांचं स्थान दौलताबादलाच आहे. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर विस्ताराने लिहिलं आहे आणि मलंगवेषातल्या दत्ताची कथा चांद बोधल्यांशी जोडली आहे. काही गुरुबंधूंना हे ऐकायलाही आवडत नाही, मला माहीत आहे. ज्यांना दत्त दिसले त्यांना दत्त दिसले, ज्यांना फकीर दिसला त्यांना फकीर. कथा मात्र दोन्ही बाजूंनी एकाच माणसाकडे बोट दाखवते, आणि ती आपल्याच भक्तविजयाच्या वाटेने आलेली आहे, बाहेरच्या कोणी घुसडलेली नाही.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले. वाटेत त्र्यंबकेश्वरला चतुःश्लोकी भागवत लिहून झालं होतं. वैजापूरच्या गिरिजाबाईंशी लग्न झालं. त्या घराची कीर्ती नाथांइतकीच गिरिजाबाईंमुळे आहे, हे बायकांनी वेगळं सांगायला नको. वेळी अवेळी आलेला कोणीही उपाशी जाऊ नये, हे जमवायला स्वयंपाकघरात कोणीतरी उभं असावं लागतं. मुली झाल्या, मुलगा हरी झाला. एका मुलीच्या पोटी पुढे कवी मुक्तेश्वर जन्मले.

त्या घरात रोज कीर्तन, मराठीत. आणि भारुडं. नाथांनी सुमारे तीनशे भारुडं लिहिली आणि त्यांत ते काय काय झाले बघा! जोशी झाले, गोंधळी झाले, वासुदेव, महार, भुत्या, फकीर, सासुरवाशीण. दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं तर दुसऱ्याचं बोलणं आधी नीट ऐकावं लागतं. गावातल्या प्रत्येक जातीचा, पंथाचा माणूस कसा बोलतो, कशावर अडतो, हे या माणसाच्या कानात होतं.

श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास आला म्हणून थांबलेल्या महार कुटुंबाला नाथांनी पितरांसाठी केलेलं अन्न आधी वाढलं. तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं लेकरू कडेवर घेतलं. काशीचं गंगोदक रामेश्वराला नेताना तहानेल्या गाढवाला पाजलं. या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. आणि एकशे आठ वेळा थुंकलेल्या यवनाची गोष्टही माहीत आहे, ज्यात नाथ प्रत्येक वेळी पुन्हा गोदावरीत स्नानाला जातात. या शेवटच्या गोष्टीबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे. ती फॉरवर्ड करताना आपण यवन या शब्दावर जोर देतो आणि नाथांच्या न रागावण्यावरून पटकन पुढे सरकतो. कीर्तनात ती शांतीची गोष्ट म्हणून सांगतात. ग्रुपवर ती भलतीच होऊन येते.

मुसलमानांविषयी नाथांना काय वाटत होतं हे बघायचं तर त्यांनी स्वतः लिहिलेलं बघावं. हिंदू-तुर्क संवाद. साठ-पासष्ट कडव्यांचं हे काव्य आहे. तुर्क म्हणजे तेव्हाच्या बोलीत मुसलमान. नाव संवाद असलं तरी सुरुवात चक्क भांडणाने होते. एक दुसऱ्याला काफर म्हणतो, दुसरा पहिल्याला म्हणतो लांब हो, विटाळ होईल.

मग तुर्क प्रश्न टाकतो, आणि हेच ते ताईंच्या सुनेचे प्रश्न. तुमच्या देवाला हातपाय कसे? देव कैदखान्यात जन्म कसा घेतो? बळीच्या दारात भिकाऱ्यासारखा हात कसा पसरतो? देवाची बायको रावण पळवून नेतो आणि तिला सोडवायला देवाला माकडांची मदत लागते, हे कसं? दगड घडवून त्यापुढे लोटांगण का घालता? आणि एवढा देव सगळीकडे असेल तर जेवताना एकमेकांपासून का लपता, एकाच्या अन्नाचं शीत दुसऱ्याच्या पानात पडलं तर गळा धरायला का उठता?

हिंदूही कमी नाही. देव सगळीकडे असेल तर तोंड फक्त मक्केकडेच का करता, बाकीच्या दिशा रिकाम्या आहेत का? दिवसातले पाच वेळ देवाचे, मग उरलेला वेळ कोणाचा? मूर्तीला हसता आणि कबरीवर फुलं घालता, ऊद जाळता, ते काय? कोंबडी तडफडते त्यात कसलं पुण्य? आणि हिंदूला धरून मुसलमान करता, म्हणजे त्याला हिंदू जन्माला घालताना देवाची चूक झाली होती का?

दोन्हीकडचे प्रश्न लिहिणारा हात एकच आहे, आणि तो सोवळ्यातल्या ब्राह्मणाचा. तरीही तुर्काचा प्रश्न त्यांनी बोथट केलेला नाही. आपण दुसऱ्याचं म्हणणं सांगताना त्याला थोडं वेडगळ करून सांगतो, म्हणजे आपलं उत्तर आपोआप मोठं दिसतं. नाथांनी तसं केलं नाही. तुर्काला त्यांनी आपल्या पुराणांतल्या नेमक्या अवघड जागा दाखवायला लावल्या.

आता हे दोघं वेगळं का मानतात? मला जेवढं समजलं तेवढं सांगते, ज्यांचा अभ्यास जास्त आहे त्यांनी दुरुस्त करावं. इस्लामचा पाया हा की अल्ला एकच, त्याच्यासारखं दुसरं काहीही नाही. त्यामुळे त्याला रूप देणं, कशाच्याही पंक्तीला बसवणं, हा त्याचा अपमान. मूर्तीचा राग तिथून येतो. आपला पाया हा की देवावाचून दुसरं काही नाहीच. मग दगड तरी त्याच्याबाहेर कसा? त्यात तो बघितला तर चुकलं काय? दोघंही देवाला मोठंच करायला निघालेत. एक म्हणतो, तो इतका मोठा की कशातच मावत नाही. दुसरा म्हणतो, तो इतका मोठा की कशातून वगळताच येत नाही. निघाले एकाच ठिकाणाहून, पहिलं पाऊल वेगळ्या बाजूला पडलं, आणि मैलभर गेल्यावर दोघांना एकमेकांचं तोंड दिसेनासं झालं.

जैन सुनेचा प्रश्न याहून वेगळ्या जागेवरून येतो, हेही ताईंनी लक्षात घ्यावं. जैन मतात जग निर्माण करणारा, चालवणारा असा देवच मानलेला नाही. तीर्थंकर हे बंधनं तोडून मोकळे झालेले जीव. त्यांना भूक नाही, राग नाही, आणि भक्ताकडून घ्यायचं किंवा त्याला द्यायचंही काही नाही. मंदिरात मूर्ती असते, पूजाही असते, पण ती काही मागण्यासाठी नाही, आपणही तसं व्हावं म्हणून. अशा घरातून आलेल्या मुलीला आपल्या बाळकृष्णाची शाल नवल वाटणारच. तिने विचारलं यात उद्धटपणा नाही. आणि आपलं उत्तरही साधं आहे. शाल देवाला लागत नाही, आपल्याला घालावीशी वाटते. सगुणभक्ती म्हणजे तेच ना? लेकरासारखा लाड केल्याशिवाय आपल्याला त्याच्यावर प्रेमच करता येत नाही.

नाथांचा संवाद शेवटी कुठे येतो? कोणी हरत नाही. तुर्क मान्य करतो की देवाच्या घरी जात नाही. हिंदू मान्य करतो. दोघं एकमेकांना नमस्कार करतात, मिठी मारतात. धर्म कोणी बदलत नाही. हिंदू हिंदूच राहतो आणि तुर्क तुर्कच. ज्या काळी गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० मध्ये धर्मन्यायालय आणलं होतं आणि युरोपात ख्रिश्चनांचे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे दोन पंथ एकमेकांना जाळत होते, त्याच काळात पैठणला हे लिहिलं गेलं.

पण बाहेरच्याशी संवाद लिहिणं एक, घरातल्याशी करणं वेगळं. नाथांना सगळ्यात मोठा विरोध झाला तो स्वतःच्या मुलाकडून.

आधी काशीचं सांगते. एकादश स्कंधावरची मराठी टीका, म्हणजे नाथभागवत, पैठणला सुरू झालं. पाच अध्याय झाले आणि ते काशीच्या पंडितांच्या कानावर गेलं. भागवतासारखा ग्रंथ मराठीत? नाथांना जाब विचारायला बोलावलं. ते गेले, तिथेच राहिले, आणि अठरा हजारांहून जास्त ओव्यांचा तो ग्रंथ काशीतच १५७३ साली कार्तिक पौर्णिमेला पुरा केला. ज्यांनी विरोध केला त्यांनीच तो मिरवणुकीने नेला, असं परंपरा सांगते.

परके पंडित मानले, हरिपंडित मानेनात. हरी मोठे झाले, शास्त्रात पारंगत झाले, गावात पंडित म्हणून मान मिळाला. आणि वडील? मराठीत कीर्तन करतात, वाटेल त्याच्या पंगतीला बसतात, वाटेल त्याच्या हातचं खातात. मुलाला लाज वाटली. हा शब्द कडक वाटेल, पण विचार करा, मोठ्या शिकलेल्या मुलांना आईवडिलांच्या वागण्याची लाज वाटणं आपल्या घरांना नवीन आहे का? हरिपंडित घर सोडून काशीला गेले. तुर्काने हिंदूला विचारलेला तो पंगतीचा प्रश्न आठवा. त्या प्रश्नात नाथांनी जगून जी बाजू घेतली होती, तिच्यासाठी त्यांचा स्वतःचा मुलगा घरातून गेला.

नाथ त्याला आणायला काशीला गेले. मुलाने दोन अटी घातल्या. परान्न घ्यायचं नाही आणि मराठीत पुराण सांगायचं नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकते आहे आणि दरवेळी इथे अडते. ज्या माणसाने काशीच्या पंडितांपुढे मराठी सोडली नाही, त्याने मुलासाठी ती कशी सोडली? माघार घेतली का? आमच्या घरात यावर दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, बापाला मुलगा हवा होता, संपलं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, नाथांना ठाऊक होतं की वाद घालून हा बदलणार नाही, याला दिसू द्यावं लागेल. मला दोन्ही खरं वाटतं.

हरिपंडित घरी परतले, संस्कृतात पुराण सांगू लागले. आणि ऐकणारे हळूहळू कमी झाले. ज्या वाड्यात पाय ठेवायला जागा नसे तिथे मोजकी माणसं उरली. नाथ गप्प बसून ऐकत होते. एक शब्द बोलले नाहीत.

मग ती बाई आली. तिला सहस्रभोजन घालायचं होतं आणि तेवढी ऐपत उरली नव्हती. नाथ तिच्याकडे जेवले तर हजार ब्राह्मण जेवल्यासारखं होईल, अशी तिची श्रद्धा. अट मोडणार म्हणून हरिपंडितांनी तोडगा काढला की स्वयंपाक मी करीन. नाथ जेवले. उष्टी पत्रावळ उचलायला हरिपंडित वाकले, तर खाली दुसरी. ती उचलली तर तिसरी. हजार पत्रावळी उचलल्या म्हणे. त्यानंतर अटी उरल्या नाहीत आणि वाड्यात पुन्हा मराठी कीर्तन सुरू झालं. पत्रावळींचा चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. मला डोळ्यांपुढे येतो तो वाकून वाकून दमलेला विद्वान मुलगा, ज्याच्या हाताला परक्या घरचं उष्टं लागलंय.

१५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तिला तीनशे वर्षं होत आली होती, नकला करता करता लोकांनी तिच्यात वाटेल ते घातलं होतं. नाथांनी प्रती जुळवल्या, भरीचं काढून टाकलं, आणि पुढच्यांना बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. आपण हातात आलेलं पुढे ढकलण्याआधी मूळ काय होतं ते बघतो का, एवढंच विचारते.

शेवटी भावार्थरामायण हाती घेतलं. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि नाथांना जायची वेळ कळली. फाल्गुन वद्य षष्ठी, १५९९. ही षष्ठी गुरूंच्या जन्माची, अनुग्रहाची आणि निर्वाणाचीही म्हणून परंपरा मानते. नाथांनी कीर्तन करत गोदावरीत देह ठेवला. उरलेलं रामायण कोणी पुरं करायचं, हा प्रश्न होता. पंडित मुलगा घरातच होता. पण ते काम गावबाला मिळालं. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, लोकांनी वेडसर ठरवलेला मुलगा. त्याने ते पुरं केलं.

षष्ठीला संध्याकाळी सात वाजता आपापल्या घरी आरती आणि नाथभागवताचं एक पान वाचावं. पैठणला जाणाऱ्या मंडळींनी दौलताबादला थोडं थांबावं, किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या स्थानाला नमस्कार करावा, आणि इच्छा असेल त्यांनी चांद बोधल्यांच्या स्थानीही जावं. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांना हा लेख मी वेगळा पाठवला आहे. ताईंची सून या वेळी आरतीला येणार आहे, प्रसादात कांदा, लसूण, बटाटा नको असं तिने आधीच कळवलंय. तेवढं ज्यांच्याकडे प्रसादाची सेवा आहे त्यांनी बघावं.

जय गुरुदेव.